कोवळी मुशी

सिद्धगडाच्या पायथ्याशी बोरवाडी नावाची पंचवीस-तीस घरांची वाडी आहे. तिथून समुद्र म्हणजे ऐंशी-नव्वद किलोमीटर. तरीही या वाडीतल्या चंद्रकलाचं पोट गेली तीस वर्षं समुद्रावर चाललं आहे, आणि हे ऐकून नवख्या माणसाला मोठी गंमत वाटते. चंद्रकलाला ती कधी वाटली नाही. गंमत वाटायला माणूस जरा निवांत बसलेला लागतो. तिचं बसणं म्हणजे बाजारातलं. समोर सुके बोंबील, जवळा, मांदेली, वाकट्या यांचे ढीग, डोक्यावर फाटकं पाल, मांडीखाली गोणपाट. एक बाजार मुरबाडला, एक म्हशाला, एक शहापूरच्या बाजूला, आणि मधल्या दिवसांत डोक्यावर पाटी घेऊन वाड्यावस्त्या. वय पंचावन्न, गुडघे सत्तरीचे. समुद्र तिने उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, लग्नाच्या नव्यात, नवरा कमळूबरोबर चौपाटीवर, तोही भेळ खाण्याच्या नादात नीट नाही. कमळू जाऊन आता दहा वर्षं झाली.

डोंगराकडच्या माणसाचं सुक्या मासळीवाचून चालत नाही. घरात भाजी नसली की सुकं, पाहुणा अवचित आला की सुकं, आणि पावसाळ्याचे चार महिने तर भाकरीला दुसरं असतंच काय. पण चंद्रकलाचं नाव झालं ते बोंबलांमुळे नव्हे. तिच्या पालावर मागच्या बाजूला गोणपाटाखाली एक वेगळी पिशवी असायची. ती पिशवी सगळ्यांसाठी उघडत नसे. पिशवीत असायची सुकवलेली मुशी. शाळेत जाणारी पोरं तिला शार्क म्हणतात आणि डोळे मोठे करतात, पण ही मुशी काही माणूस खाणारी नव्हे. उलट माणसंच तिला खातात, त्यातही बाळंतिणी. मुशीचा रस्सा पाजला की बाळंतिणीला दूध उतरतं, ही गोष्ट किनाऱ्यावरून डोंगरात कधी चढली कोण जाणे, पण चढली ती पक्की बसली. कुणाच्या सुनेला सातवा लागला की सासू बाजारात चंद्रकलाजवळ येऊन उकिडवी बसे आणि हळू आवाजात सांगे, आमची ठेवा हां. आणि चंद्रकला ठेवी. शंभर तरी घरांतल्या पोरांच्या तोंडचं पहिलं दूध आपल्या पिशवीतून गेलंय, असं ती म्हणायची. तेवढी एकच बढाई ती मारायची, तेव्हा आपणही ती चालवून घेऊ.

आता या मुशीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चंद्रकला धंद्याला लागली तेव्हा तिला माल पुरवायचा महिपत नावाचा कोळी, वसईच्या वरच्या अंगाच्या एका बंदरावरचा. तो मुशी आणायचा ती हातभर लांब, चिरून मिठात सुकवलेली, लाकडासारखी. डोंगरातल्या बायका ती शिजवून शिजवून दमायच्या आणि चंद्रकलाकडे तक्रार करायच्या की बाई, ही फार जून लागते, वासही उग्र येतो, बाळंतिणीच्या घशाखाली उतरत नाही. चंद्रकला मूळची भेंडीच्या मळ्यातली. मुरबाड-शहापूरकडे भेंडी किती लावतात ते ज्याला ठाऊक आहे त्याला हे सांगायला नको. लहानपणापासून तिने पहाटे उठून भेंडी तोडली होती. शेंडा मोडून बघायचा, कट्कन मोडला तर कोवळी, वाकला तर जून. कोवळी बाजारात, जून गुरांना. आणि भेंडीचा दुसरा नियम असा, की कोवळी तोडत राहिलात तरच झाड लागत राहतं. एक जरी भेंडी झाडावर जून झाली, की झाडाला वाटतं आपलं काम संपलं. काकडीचं तेच, दोडक्याचं तेच. जो कोवळं तोडतो तो शहाणा शेतकरी. तेव्हा तिने महिपतला भेंडीच्याच भाषेत सांगितलं, "दादा, जून नको. कोवळी आणत जा."

महिपत हसला होता, का ते तिला कळलं नाही. पण पुढच्या खेपेला त्याने वीत-वीतभर लांबीची मुशी आणली, डोकी काढलेली, मऊ, पटकन शिजणारी. बायका खूश झाल्या. चंद्रकलाला वाटलं, काकडीत कशी एक लहान जात असते, तशी ही मुशीतली लहान जात असेल. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. 'कोवळी हाय' हेच तिचं बाजारातलं बोलणं झालं, आणि पुढे बायकाही तेच विचारू लागल्या. मुरबाडपासून शहापूरपर्यंत मुशी म्हटलं की कोवळीच, हे ठरून गेलं.

महिपतनंतर त्याचा मुलगा हरेश टेम्पो घेऊन येऊ लागला. बाप बोलायचा कमी, हा बोलायचा फार, आणि बोलणं सगळं रडगाण्याचं. चंद्रकला वर्षानुवर्षं त्याचं ऐकत आली. एका वर्षी वादळ झालं, बोटी पंधरा दिवस किनाऱ्याला. दुसऱ्या वर्षी ऐन मार्गशीर्षात पाऊस, वाळत घातलेले बोंबील सगळे किडले, फेकावे लागले. पाणी गरम झालंय, मासळी खोल पळालीय, डिझेल जाळून जाळून आमी तिच्या मागे. मोठ्या बोटीवाले दिवे लावून सगळं उपसून नेतात. बारीक डोळ्यांची जाळी, त्यातून मुंगी सुटायची नाही. चंद्रकला हूं हूं करायची आणि जवळ्यातून निळे-हिरवे धागे वेचत राहायची. हे धागे प्लास्टिकचे. पूर्वी जवळ्यात वाळू निघायची, तेव्हा बायका भांडायच्या की मापात वाळू घालतेस. आता वाळूपेक्षा धागे जास्त निघतात, आणि त्याला कुणी भांडतही नाही. लोकांनी भांडणं सोडलं की समजावं, गोष्ट हाताबाहेर गेली.

ढीग लहान होत गेले. बोंबील बोटाएवढे झाले. मांदेली तर अशी, की चार खाल्ली तरी खाल्ल्यासारखं वाटू नये. आणि मुशी गेल्या चार-पाच वर्षांत पिशवीच्या तळाला लागली. चंद्रकलाला याचं दुःख झालं का, तर धंद्यापुरतं झालं. समुद्राचं काय होतंय याचा विचार करायला तिला सवड नव्हती. तो दूर होता आणि हरेश त्याच्याबद्दल बोलायला समर्थ होता. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तिचं जळलं ते तीन वर्षांपूर्वी, आणि कळायला तरी आणखी तीन वर्षं लागली.

तिची एकुलती मुलगी शीतल. शहापूरच्या बाजूला दिलेली. जावई जीवन भिवंडीला गोदामात कामाला, माणूस चांगला. शीतलची पहिली खेप भर आषाढात झाली, महिनाभर आधीच. पोरगा झाला, पण शीतलला दूध आलं नाही. चंद्रकलाने पिशवी उघडली तर पिशवी रिकामी. पावसाळ्याच्या आधीच्या बाजारात एका ठेकेदाराच्या सुनेसाठी मागणी आली होती, तिने शेवटच्या दोन मुश्या त्यांना देऊन टाकल्या होत्या. माझ्या पोरीला अजून अवकाश आहे, तोवर हरेश आणील, असा तिचा हिशेब. हरेशचा टेम्पो पावसाळ्यात बंद. पोर बाहेरच्या दुधावर राहिलं. विहिरीचं पाणी गढूळ, उकळायला कधी कोरडी लाकडं असत, कधी नसत. श्रावणात त्याला जुलाब लागले, ते पुन्हा पुन्हा लागत राहिले आणि चौथ्या महिन्यात पोर गेलं. शीतल आईला एका शब्दाने बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं. न बोललेलं चंद्रकलाने तीन वर्षं पाटीबरोबर डोक्यावर वाहिलं, आणि बोंबलांच्या मानाने ते फार जड होतं.

म्हणून या खेपेला शीतल कार्तिकात माहेरी आली तेव्हा चंद्रकलाने एकच ध्यास घेतला. काही झालं तरी मुशी घरात पाहिजे. दिवाळीपासून तिने हरेशच्या मागे लकडा लावला. दर खेपेला तो मान हलवायचा. मावशी, येतच नाय. आली तरी धक्क्यावरच मोठे व्यापारी उचलतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे काय तिला समजत नव्हतं? पण ज्याच्या घरात गर्भारशी असते त्याला आड दिसत नाही, पोहराच दिसतो.

गावची आशा-सेविका छाया, भली बाई, दर आठवड्याला येऊन शीतलला गोळ्या द्यायची आणि चंद्रकलाला समजावायची. मुशीबिशी काय नसतं मावशी. बाळाला घटकेघटकेला छातीशी लावायचं, पोरीला पोटभर जेवायला घालायचं, झोपू द्यायचं आणि भिववायचं नाय. मागल्या खेपेला ती आधीच बाळंतीण झाली, अशक्त होती, म्हणून झालं तसं. चंद्रकला ऐकून घ्यायची. शंभर बाळंतिणींना मुशी खाऊ घातलेल्या बाईला तीस वर्षांच्या छायाने शिकवायचं, म्हणजे मामाच्या घरची गोष्ट आईला सांगण्यासारखं.

पौषाच्या सुरुवातीला शीतल मुरबाडला सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. बाळंतीण आणि बाळ दोघी धडधाकट, दुसऱ्या दिवशी घरी आल्या. पण दूध नाही. थेंब दिसायचा आणि थांबायचा. छाया म्हणाली, येईल, धीर धरा. तिसऱ्या दिवशी बाळ रडून रडून थकलं आणि गप्प झालं. ते गप्प होणं चंद्रकलाने आधी एकदा पाहिलं होतं. शीतल भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच पडल्या पडल्या ती त्या गोष्टीबद्दल पहिल्यांदा बोलली.

"आये, ह्या वक्ताला तरी ठेवलीस का गो?"

चंद्रकला उठली. शेजारणीला घरी बसवलं, छायाला निरोप दिला आणि सकाळच्या गाडीने मुरबाडला आली. हरेशचा टेम्पो माल उतरवून परत निघत होता. ती त्याच्या शेजारी चढून बसली. तो म्हणाला, मावशी, तुमी कुठं? ती म्हणाली, तुझ्या बंदराला. मला मुशी बघायची.

बंदरावर पोचेतो दुपार कलली. समुद्र बघून आपल्याला काहीतरी वाटेल असं चंद्रकलाला वाटलं होतं. पण समोर मातकट पाणी होतं आणि काठाला बाटल्या, चपला, थर्माकोल आणि जाळ्यांच्या चिंध्या यांचा एक पट्टा लांबवर गेला होता. म्हशाची जत्रा उठल्यावर मैदान जसं दिसतं, तसा किनारा. फक्त जत्रा वर्षाला एकदा उठते. बोंबील वाळवायच्या बांबूच्या ओळीच्या ओळी रिकाम्या उभ्या होत्या. दहापैकी दोनांवर काय ते बोंबील लटकत होते. हे सगळं हरेशने तिला कितीदा सांगितलं होतं. ऐकताना तिला ते व्यापाऱ्याचं रडगाणं वाटलं होतं, भाव वाढवण्यापूर्वीचं. बिचारा खरंच सांगत होता.

भरतीबरोबर दोन बोटी आत आल्या. हरेशने तिला मासळी निवडणाऱ्या एका बाईकडे नेलं. हिराबाई तिचं नाव. सत्तरीची, काटक, हातात कोयती, तोंडात मिश्री. हरेशने ओळख करून दिली, की ही मुरबाडची मावशी, बाबांच्या वेळेपासूनचं आपलं गिऱ्हाईक. हिराबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला बसायला पाट सरकवला. बोटीतून टोपल्या उतरल्या. बहुतेक टोपल्यांत चिखलासारखा बारीक माल, ओळखूही न येणारा. तो खाद्याच्या कारखान्याला जातो म्हणे, कोंबड्यांसाठी. तळाला चार मुश्या निघाल्या. तीन लहान आणि एक चांगली हातभर, पोट फुगलेली. चंद्रकलाचा जीव भांड्यात पडला. चार म्हणजे पुरे, चार म्हणजे डोंगर उतरून आल्याचं सार्थक.

हिराबाईने मोठी पुढ्यात घेतली आणि कोयतीने पोट चिरलं.

आतून पोरं निघाली. एक, दोन, पाच, आठ. वीत-वीतभर लांब, पांढुरकी, डोळे उघडे. दोन अजून वळवळत होती. आणि प्रत्येकीच्या पोटापासून एक बारीक दोरी निघून आईच्या आत गेलेली. चंद्रकला पाहत राहिली. तिने वाडीत दहा-बारा बाळंतपणं हातांनी केली होती. ती दोरी काय आहे ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी तिने विचारलं.

"नाळ ती," हिराबाई म्हणाली. "ही बाकीच्या मासळीसारखी अंडी नाय सोडत, बाय. पोटात वाढवते, आपल्यासारखी. येळ भरली की पोरं घालते. तीबी दहा-बारा, जास्त नाय."

असं म्हणून तिने कोयतीच्या टोकाने आठही नाळा कापल्या, पोरं उचलली आणि एका वेगळ्या टोपलीत टाकली. टोपलीत आधीची बरीच होती, सकाळच्या बोटीची. हिराबाईने पलीकडच्या पोरीला हाक मारून सांगितलं, की ही मुरबाडी बाजूला ठेव. चंद्रकलाला वाटलं आपल्यालाच बोलावलं. तिने ओ दिली. हिराबाई हसली.

"तुला नाय गो. ह्यांना म्हणतंय. ह्या पोरांना आमी मुरबाडीच म्हणतो. आमी हे फेकून द्यायचो समुद्रात पयले, जिती असली तर जगायची बिचारी. मंग महिपत बोलला, डोंगरात मुरबाडला एक बाय हाय, तिला कोवळी लागते. तवापासून मुरबाडी. आता तर पार शहरातली हाटेलं मागतात, पण नाव तेच रायलं."

हिराबाई हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. मालाला नाव पडतं तसं पडलं होतं, एवढंच. तिने मग सहज आणखी सांगितलं, की तिच्या तरुणपणी मुश्या एका जाळ्यात टोपलीभर यायच्या. मोठ्या मोठ्या. आता पोटुशी सापडली तरी नशीब म्हणायचं. जाळी वाईट, पाणी वाईट, कारखान्याचं पाणी खाडीत येतं ते वाईट, आणि आमी पण काय कमी नाय, पोटाला काय करणार. चंद्रकलाला त्यातलं निम्मं ऐकू आलं. ती टोपलीकडे बघत होती. तीस वर्षं ती ज्याला लहान जात समजली होती, ती जात नव्हतीच. ही सगळी मुशीची लेकरं होती, काही तर न जन्मलेली. शंभर बाळंतिणींच्या दुधासाठी तिने किती बाळंतिणी चिरवल्या, याचा अंदाज करायला तिला बोटं पुरली नसती. आणि तिने केलं काय होतं? एक शब्द वापरला होता. भेंडीचा. भेंडी तोडली की झाड पुन्हा लागतं. हे झाड पुन्हा लागणारं नव्हतं आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. महिपत तेव्हा का हसला, ते तिला आत्ता कळलं. त्याला वाटलं असेल, हिला ठाऊक आहे.

मासळीचा वास तीस वर्षांत तिला कधी लागला नव्हता, तो आत्ता लागला. हरेशने चहा आणून दिला तो तिने तसाच धरून ठेवला.

खरं तर तिथून रिकाम्या हाताने उठावं असं तिच्या मनात आलं. आलं आणि लगेच गेलं, कारण मागे शीतल भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि चार दिवसांचं बाळ गप्प होतं. ज्या बाईने एक नातू मातीत ठेवला आहे तिच्याकडून कुणी मोठ्या त्यागाची अपेक्षा करू नये. ती म्हणाली, पोरं नको. मोठी द्या. जून चालेल. हिराबाईला नवल वाटलं. तिने मोठी मुशी तुकडे करून, मीठ भरून, केळीच्या पानात आणि पिशवीत बांधून दिली, आणि बाळंतिणीसाठी आहे म्हटल्यावर पैसे काही केल्या घेतले नाहीत. आठ पोरांच्या आईचं मांस चंद्रकलाच्या मांडीवर आलं. पोरं नको म्हणून तिने नक्की काय वाचवलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

रात्रीपुरती ती हिराबाईकडे पडली आणि पहिल्या गाडीने निघून दुपारी बोरवाडीत पोचली. दारातच छाया भेटली. म्हणाली, काल संध्याकाळपासून बाळ जरा ओढतंय, बरं चिन्ह आहे. चंद्रकला तशीच आत गेली. चूल पेटवली, मुशी तीनदा धुतली, खोबरं, लसूण, मिरी वाटून रस्सा केला. जून मांस शिजायला फार वेळ लागला. शीतल दोन वाट्या रस्सा प्यायली आणि तिने भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या संध्याकाळी, सहाव्या दिवसाची सटवाई पुजायची तयारी चालली असताना, शीतलची चोळी भिजली. बाळ असं प्यायलं की पिता पिता झोपलं आणि झोपेतही पीत राहिलं.

जीवन भिवंडीहून आला होता, तो बाहेर जाऊन रडला. शीतल आईचा हात धरून म्हणाली, "आये, मुशीच पायजेल व्हती बघ." छाया कोपऱ्यात बसली होती. ती शहाणी बाई, ती बाळाचं दुपटं नीट करत राहिली. दूध आधीच येऊ लागलं होतं की मुशीने आलं, हे कोण ठरवणार. चंद्रकलाला विचाराल तर तिला ठरवायचंच नव्हतं. नात दूध पीत होती. आजीला एवढं बरं वाटलं होतं, की त्या रात्री तीन वर्षांनी ती सलग झोपली. आणि सकाळी उठली तेव्हा पहिल्यांदा मुशीच्या पोटातल्या त्या आठ जणी आठवल्या.

आता खेड्यात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. चंद्रकला स्वतः बंदरावर गेली, मुशी आणली, पोरीला पाजली आणि दुसऱ्या दिवशी दूध. शीतलनेच सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला, आईच्या कौतुकाने. दहा दिवसांनी म्हशाची जत्रा भरली. चंद्रकला नेहमीच्या जागी पाल लावून बसली. माल कमी होता, थंडी मरणाची होती, गुडघे बोलत होते. तिने ठरवलं होतं की मुशी विकायची नाही, आणि विचारलं तर खरं काय ते सांगायचं. ठरवणं सोपं असतं. पहिल्याच दिवशी पाच जणी विचारून गेल्या. तिने प्रत्येकीला सांगितलं, की मुशीत काही नाही, नाचणीची आंबील द्या, अळीव द्या, पोरीला झोपू द्या. म्हणजे छायाचंच बोलणं, छायापेक्षा वाईट रीतीने. बायका ऐकून घ्यायच्या, गोणपाटाखाली नजर टाकायच्या आणि पुढच्या पालावर जायच्या. तिथे शहरातून आलेला एक व्यापारी प्लास्टिकच्या पाकिटात भरलेली कोवळी मुशी विकत होता.

दुसऱ्या दिवशी एक सासू-सून आल्या. नारिवलीकडच्या. सून आठव्या महिन्यातली, दमलेली, एका हाताने कंबर धरून उभी. सासूने मुशी मागितली. चंद्रकलाने नाही म्हटलं. सासू म्हणाली, असं कसं, माझ्या बाळंतपणाला तुमीच दिलेली माझ्या आईला, हिचा नवरा त्यावरच वाढला. चंद्रकलाला तिची आई आठवली. आणि मग, तीस वर्षांत पहिल्यांदा, तिने गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं. बंदर, कोयती, पोटातली पोरं, नाळ. ती सांगत गेली तशी सून खाली बसली आणि तिने पोटावर हात ठेवला.

"मी चुकीचं सांगत आले गो इतकी वर्षं," चंद्रकला म्हणाली. "तुमी नका देऊ हिला."

सासूने सगळं शांतपणे ऐकलं होतं. बाई काही भांडखोर नव्हती. तिने सुनेला हात देऊन उठवलं.

"तुमच्या नातीचं पोट भरल्यावर सुचलं हे तुमाला," ती म्हणाली. "आमची अजून यायची हाय."

त्या दोघी पुढे गेल्या. चंद्रकलाला राग आला नाही. राग यायला ती बाई खोटं बोललेली असायला हवी होती. समोर कुणीतरी जवळ्याचा भाव विचारत होतं, तो तिने सांगितला. पण मनात एक गोष्ट येऊन बसली ती काही केल्या उठेना. त्या सुनेच्या जागी शीतल असती, पुढच्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, पुन्हा तसंच भिंतीकडे तोंड करून पडलेली असती, तर आपण हे सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा सकाळच्या गाडीने बंदरावरच गेलो असतो.